खालून तीन, वरून दोन

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. आजवरचं माझं योगदान म्हणजे खाली एका ओळीचा प्रतिसाद. "वारा असेल." किंवा "रात्री जड जेवला असाल." त्यावरून दोन-तीन जणांनी मला झापलंही आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजूनही नाही, फक्त आता मी तसं जरा हळू आवाजात म्हणतो.

आम्ही ईडन प्रेरी नावाच्या अमेरिकन गावात राहतो. मी, बायको मेधा आणि मुलगी सई. २००३ च्या उन्हाळ्यात मेधाने लायब्ररीच्या बोर्डावर एक चिठ्ठी पाहिली. वणव्यावर नजर ठेवायचा एक जुना लोखंडी टॉवर दुरुस्त करायला स्वयंसेवक हवे होते. जागा उत्तरेला डुलुथ शहराच्याही पुढे, पाइनच्या जंगलातल्या एका टेकडीवर. मला न विचारता तिने माझं नाव देऊन टाकलं. "तुला उंचीची भीती वाटते ना, तेवढीच जाईल," म्हणाली. ती भीती गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टॉवर कसा होता ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. शंभर फुटी सांगाडा, आत नागमोडी जिना, जिन्याला लाकडी पायऱ्या. जिना संपला की एक उभी शिडी. शिडीच्या टोकाला आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी... बरं, त्याहून थोडी मोठी, चारी बाजूंनी काचा असलेली केबिन. केबिनला आपल्यासारखं दार नाही. जमिनीतच एक चौकोनी फळ्यांचं दार, ते खालून डोक्याने किंवा खांद्याने वर ढकलायचं, आत चढायचं आणि मागे बंद करायचं. बंद केलं की तेच पायाखालची जमीन. मध्ये नकाशाचं टेबल असल्यामुळे माणसाला उभं राहायला जागा इतकी कमी, की आतला माणूस बहुतेक वेळ त्या दारावरच उभा असायचा.

म्हणून एक पद्धत होती. वर जाणाऱ्याने खालून तीनदा ठोकायचं. वरचा माणूस बाजूला सरकला की तो दोनदा ठोकणार. मग दार ढकलायचं.

ही पद्धत मला व्हर्नने शिकवली. व्हर्न म्हणजे आमच्या गटाचा म्होरक्या, शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेला, बोलायला कंजूष माणूस. माझं श्रीकांत हे नाव त्याने पहिल्याच दिवशी 'श्री'वर आणलं. गट म्हणजे तरी काय, सुरुवातीला दहाबारा पेन्शनर. त्यातले निम्मे कॉफीसाठी यायचे आणि उरलेले कॉफी संपल्याची तक्रार करायला. पहिल्याच दिवशी मी कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर वीरश्री अशा थाटात शिडीच्या टोकाशी पोचलो, आणि खालून व्हर्न म्हणाला, "नॉक कर."

"वर कोणी नाहीये, व्हर्न."

"म्हणून?"

मी तीनदा ठोकलं. उत्तर अर्थातच आलं नाही. व्हर्नने जरा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, "ओके, आता ढकल." मला वाटलं, म्हातारा नवख्याची फिरकी घेतोय. पण तो स्वतः चढायचा तेव्हाही ठोकायचा. दर वेळी.

पुढची दोन वर्षं आम्ही महिन्यातून एखादा वीकेंड तिथे जायचो. मेधा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात शंकरपाळे भरून न्यायची. व्हर्न ते कॉफीत बुडवून खायचा आणि दर वेळी "यात तिखट नाही ना?" असं विचारायचा. आम्ही गंज घासला, पायऱ्या बदलल्या, फुटक्या काचा बसवल्या. म्हणजे ते करायचे, मी खरवडायचो. खरवडण्यात मी वाकबगार झालो.

पहिला प्रकार घडला तो दुसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी. व्हर्न खालच्या टप्प्यावर रंग देत होता. मी एकटा शिडीवर. सवयीने ठोकलं, आणि डोक्यावरची फळी करकरली. उभ्या माणसाने टाचेवरचं वजन चवड्यावर घेतलं की लाकूड करकरतं तसं. मग दोन ठोके. मी दार ढकललं. आत कोणी नाही. काचांपलीकडे जंगल, आणि एक माशी.

मी मनातल्या मनात आपला लाडका प्रतिसाद टाकला. वारा असेल.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम ठोकलं नाही. इंजिनियर माणूस, म्हटलं प्रयोग करून बघू. दार हललं नाही. फुगलं असेल म्हणून खांदा लावला. फुगलेलं दार कडेला अडकतं हो, सगळ्या बाजूंनी सारखं जड होत नाही. हे दार मध्ये जड होतं. खाली येऊन व्हर्नला सांगितलं तर तो ब्रश धुता धुता म्हणाला, "नॉक केलं नसशील."

"वर कोण आहे, व्हर्न?"

त्याने ब्रश फडक्याला पुसला. संध्याकाळी पिकअपच्या मागे बसून शंकरपाळे खाताना बोलला.

त्याचा मोठा भाऊ कार्ल या टॉवरचा पहारेकरी होता. कित्येक उन्हाळे. धूर दिसला की टेबलावरच्या पितळी पट्टीतून नेम धरायचा, दिशा वाचायची, वनखात्याच्या ऑफिसला फोन करायचा. नियम असा की ऑफिसचा 'खाली ये' म्हणून फोन आल्याशिवाय पहारेकऱ्याने उतरायचं नाही. मग विमानं आली. वरून धूर शोधायला विमान स्वस्त पडतं, म्हणून एका उन्हाळ्याच्या मध्येच सगळे टॉवर बंद झाले. ऑफिसने सगळ्यांना फोन केले. कार्लला करायचा राहिला. ज्याला-त्याला वाटलं, दुसऱ्याने केला असेल.

"अंधार पडायला लागला तरी तो वरच," व्हर्न म्हणाला. "शेवटी मी चढलो. ठोकलं. त्याने उलट ठोकलं. मी म्हटलं, कार्ल, यू कॅन कम डाउन. तेव्हा उतरला."

"म्हणजे तो टॉवरवर वारला नाही?"

"छे. नंतर पेपर मिलमध्ये होता. म्हातारा होऊन डुलुथच्या हॉस्पिटलमध्ये वारला. शेवटी शेवटी नर्सला सारखा विचारायचा, ऑफिसचा फोन आला का? नर्सने मला बोलावलं. पण बर्फाने रस्ता बंद होता. मी पोचलो तेव्हा झालं होतं." त्याने डब्याचं झाकण लावलं. "एवढं एक वाक्य सांगायचं होतं. तेवढं राहिलं."

मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र हुशारी केली. म्हटलं, "पण तू स्वतः इतक्या वेळा वर जातोस. मग सांगत का नाहीस?"

व्हर्न माझ्याकडे असा बघायला लागला जसं मीच काहीतरी अमानवीय बोललोय.

"आता कशाला खाली बोलवू? आपण टॉवर वाचवतोय ना?"

परत येताना गाडीत सईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स सो सॅड. ऑल्सो, यू नीड मोअर स्लीप." मला ते पटलं.

टॉवर वाचला नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. ती टेकडी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मालकीची होती, आणि काउंटीला तिथे मोबाइलचा टॉवर हवा होता. शिवाय एका पायाच्या काँक्रीटला तडा गेलेला. इन्शुरन्स कोणी देईना. दरम्यान आमच्या गटातले दोघे वारले, एक फ्लोरिडाला गेला आणि कॉफीवाले कॉफी बंद झाल्यावर यायचे थांबले. व्हर्नचा खुबा बदलला आणि त्याचं चढणं कायमचं बंद झालं. काउंटीच्या मीटिंगमध्ये मी पॉवरपॉइंट केला. आमच्या धंद्यात माणूस दुसरं करणार काय. रंगीत आलेख, टॉवरचे आधीचे-नंतरचे फोटो. संपल्यावर प्रश्न आहेत का विचारलं. एका बाईंनी हात वर केला आणि मी मूळचा कुठला असं विचारलं. मी पुणे म्हटलं. त्या "हाउ नाइस" म्हणाल्या. मग त्यांनी मतदान केलं.

व्हर्न पार्किंग लॉटमध्ये माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "छान बोललास." एवढा हरलेला हात मी त्यानंतर पाठीवर घेतला नाही.

पाडायचा दिवस २००६ च्या शरदात आला. मेधा आणि मी आदल्या दिवशीच जाऊन मोटेलमध्ये राहिलो. सकाळी टेकडीवर गेलो तर पाडणारे लोक आधीच आलेले. दोन पायांना तारेचे दोर बांधलेले, उरलेले दोन पाय कापून दोर ओढायचे, म्हणजे टॉवर मोकळ्या बाजूला आडवा होणार. व्हर्न त्याच्या पिकअपमध्ये काठी मांडीवर घेऊन बसलेला. मला खिडकीशी बोलावलं.

"श्री, तू जाऊन सांग त्याला."

मला कळलं. तरी मी वेळकाढूपणा केला. "खालूनच ओरडून सांगू या का?"

"वर वारा असतो. खालचं काही ऐकू येत नाही. जवळ जाऊन सांगावं लागतं." मग हळूच म्हणाला, "मला चढता आलं असतं तर तुला म्हटलं नसतं."

मुकादमाने आधी नाहीच म्हटलं. मग पिकअपकडे बघितलं, आणि म्हणाला, "लवकर. आणि माझा माणूस बरोबर येईल." नाहीतरी तोडण्याआधी केबिन रिकामी असल्याची खात्री करायला त्याच्या माणसाला जायचंच होतं. हा माणूस लाल दाढीचा, दारासारखा रुंद. तो माझ्यामागून चढला. म्हणजे मी पडलो तर त्याच्यावर पडणार, ही एक सोय होती.

शिडीच्या टोकाशी पोचलो. लाल दाढी खालच्या टप्प्यावर उभा राहून वर बघत होता. मी तीनदा ठोकलं. डोक्यावर फळी करकरली... मागच्यासारखीच, टाचेवरून चवड्यावर. आता ते वाक्य म्हणायचं होतं. पण खाली एक अनोळखी गोरा माणूस टक लावून बघतोय, आणि पन्नाशीला टेकलेला एक पोटसुटा देशी एका बंद दाराशी बोलणार... मला भयंकर लाज वाटली. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं:

"काका, खाली या आता. संपलंय इथलं. तुम्ही उतरा."

वयस्कर माणसाला हाक मारताना आपल्या तोंडून जे येतं तेच आलं. शिवाय खालच्या माणसाला काही कळलं नाही, म्हणून मला हुश्श झालं.

"प्रेयर?" लाल दाढीने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं. भला माणूस होता.

मग मी दार ढकललं. हललं नाही. मध्ये जड. खांदा लावला, तेव्हा फळीवर काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, पण ते नक्की माझ्या खांद्यातलं हाड नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. खालून मुकादमाची शिट्टी आली. लाल दाढी म्हणाला, "लेट्स गो, सर." मी उतरायला लागलो. खालच्या टप्प्यावर त्याच्या शेजारी पोचलो, आणि वरून दोन ठोके आले. स्पष्ट. घाई नसलेले.

लाल दाढीने वर बघितलं. "ऐकलंस?"

मी मान हलवली.

"सैल पत्रा असेल," तो म्हणाला. माझाच प्रतिसाद, इंग्लिशमध्ये. मग तो वर चढला, न ठोकता एका हाताने ते दार उघडलं, कमरेपर्यंत आत जाऊन चारी बाजूंना बघितलं आणि ओरडला, "एम्प्टी!" दार तसंच उघडं टाकून तो खाली आला. मी जे दार खांद्याने हलवू शकलो नव्हतो ते त्याने मिठाच्या डबीच्या झाकणासारखं उघडलं होतं. म्हटलं, ताकद आहे बाबा.

टॉवर पडायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं खरवडलेलं, रंगवलेलं सगळं एकदम कलायला लागलं, वरच्या काचांवर ऊन लखकन फिरलं, आणि मग नुसता आवाज. हळूहळू धूळ बसली.

मी पिकअपपाशी गेलो. मेधा व्हर्नच्या शेजारच्या सीटवर थर्मास घेऊन बसली होती.

"सांगितलंस?" व्हर्नने विचारलं.

"सांगितलं."

"आणि?"

"दोन ठोके आले."

त्याने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच सैलावून बसलेला पाहिला. "म्हणजे ऐकलं त्याने," तो म्हणाला. मग मेधाकडे वळून म्हणाला, "ऐकलं." मेधाने त्याचा हात धरला. ढिगाऱ्यातून पाडणाऱ्यांनी ते जमिनीतलं दार काढून दिलं, एक कोपरा सोडला तर आख्खं. व्हर्नने ते माझ्या गाडीत ठेवायला लावलं. मी नको नको म्हणत घेतलं.

परतीच्या रस्त्यावर मेधाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "बरं झालं रे तू गेलास. काय म्हणालास नेमकं?"

मी सांगितलं. लाल दाढीच्या प्रेयरचा किस्साही रंगवून सांगितला. मला वाटलं ती हसेल.

"अरे," ती म्हणाली, "पण त्याला मराठी कुठे येत होतं?"

मी पुढची एक्झिट चुकलो. त्याच्या पुढचीही चुकलो.

आता तुम्हीच विचार करा, कारण मी नको तितका केला आहे. समजा वर कोणी होतं. समजा, म्हणतोय. त्याला खालून तीन ठोके ऐकू आले आणि एका परक्या भाषेत काहीतरी पुटपुटणं. त्यातून त्याला काय कळणार? एवढंच, की कोणीतरी वर येऊ बघतंय. मग तो काय करेल? आयुष्यभर जे केलं तेच. दारावरून बाजूला सरकेल आणि दोनदा ठोकेल. म्हणजे 'ये वर.' म्हणूनच लाल दाढीला दार एका हाताने उघडलं. त्याने आत बघितलं, तेव्हा वाट करून दिलेला माणूस टेबलाच्या पलीकडे कोपऱ्यात उभा असेल. ऑफिसकडून निरोप घेऊन आलेला माणूस काय सांगतो म्हणून त्याच्याकडे बघत असेल. आणि लाल दाढी 'एम्प्टी' म्हणून ओरडला आणि निघून गेला.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी तो टॉवर पाडला.

मेधा म्हणते, असा विचार करू नकोस. सई म्हणते, "बाबा, घोस्ट्स डोन्ट नीड सबटायटल्स." असेल. पण तिने तो दोन ठोक्यांचा आवाज ऐकलेला नाही. तो 'हो, समजलं'सारखा नव्हता. 'ये'सारखा होता. पाहुण्याला म्हणतात तसा.

व्हर्न पुढच्या हिवाळ्यात गेला. शेवटच्या फोनवर त्याने पुन्हा विचारलं, "दोन ना?" मी म्हटलं, "दोन." बाकीचं काही बोललो नाही. त्याला झोप लागत होती, ती कशाला मोडायची.

मध्यंतरी आम्ही त्या बाजूने गेलो. टेकडीवर मोबाइलचा टॉवर उभा आहे. त्याला केबिन नाही, जमीन नाही, दार नाही, वर माणसाला उभं राहायला जागाच नाही. माझ्या फोनला तिथे फुल सिग्नल आला. जिथे एक फोन यायचा राहिला होता, तिथून आता सगळ्यांचे फोन जातात. मेधाने माझ्याकडे बघितलं आणि मी गाडी थांबवली नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ओल, वारा, सैल पत्रा, माझा खांदा... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. खाली कोणी प्रतिसादात तेच लिहिणार असेल तर खुशाल लिहा. मी लाइक करीन.

ते दार आमच्या गराजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय, बर्फ काढायच्या मशीनच्या मागे. यंदा एकदा मेधाच म्हणाली, "जा, एकदा इंग्लिशमध्ये सांगून टाक. निदान तुझं तरी समाधान." संध्याकाळी मी गेलो. मशीन बाजूला सारलं. तीनदा ठोकलं. आणि व्हर्नचंच वाक्य, जमेल तितक्या स्वच्छ उच्चारात म्हटलं. "कार्ल, यू कॅन कम डाउन."

मग व्हर्नच्या पद्धतीप्रमाणे थांबलो. बराच वेळ थांबलो. दारामागे आमच्या गराजची भिंत होती.

स्वयंपाकघरातून मेधाचा आवाज आला, "आलं का काही उत्तर?"

"नाही."

तिने ताटं मांडली. मग म्हणाली, "चल, पानं घेतलीत."